हळदीला मिऱ्याची सोबत

हरिपूरच्या मामीने परवा कपाटातून एक डबी काढून माझ्यापुढे ठेवली. हळदीच्या कॅप्सूल, आत काळ्या मिऱ्याचा अर्क. "गुडघ्याला बरं म्हणतात. पण आपल्या सांगलीत हळदीला काय तोटा? ह्या डबीतलं वेगळं काय असतं रे?"

प्रश्न रास्त होता. हरिपुरात हळद जमिनीखालच्या पेवांत साठवत. 2005 च्या महापुराने त्या पेवांची वाट लावली, तरी सांगलीची हळद म्हटली की आजही बाजारात वजन असते. 2018 मध्ये तिला भौगोलिक मानांकनही मिळाले.

हळदीतला नावाजलेला घटक कर्क्युमिन. जखमेभोवती सूज येते ती शरीराची फौज कामाला लागल्यामुळे. ही फौज जंतू मारायला ऑक्सिजनचे तिखट, अस्थिर कण सोडते. काम झाले की सगळे शमायला हवे. ते शमले नाही, तर हेच कण स्वतःच्या पेशींना डागतात, डागलेल्या पेशी पुन्हा फौजेला हाक मारतात आणि दाह धुमसत राहतो. काचेच्या बशीत वाढवलेल्या पेशींवर कर्क्युमिन दोन्हीकडून काम करते: दाह पेटवणारे पेशीतले 'एनएफ-कप्पा-बी' हे बटण बंद ठेवते आणि पेशीची स्वतःची बचाव यंत्रणा जागी करते.

बशीत. पोटात गेल्यावर गोष्ट वेगळी. घरी करून बघा: एका वाटीत पाणी, दुसरीत गोडेतेल, दोन्हींत चिमूट चिमूट हळद. पाण्यात ती तळाला बसते, तेल मात्र पिवळेधमक होते. कर्क्युमिन पाण्याला धरत नाही, आणि जे थोडेफार आतड्यातून आत शिरते त्याला आतड्याचे अस्तर आणि यकृत लगेच साखरेसारखा एक रेणू चिकटवून बाहेरची वाट दाखवतात.

इथे मिरे कामाला येते. त्यातले पायपरीन तो साखरेसारखा रेणू चिकटवण्याचे काम मंद करते. 1998 मध्ये बेंगळुरूच्या सेंट जॉन्स मेडिकल कॉलेजातल्या संशोधकांनी माणसांना 2 ग्रॅम कर्क्युमिनसोबत 20 मिलिग्रॅम पायपरीन दिले, तेव्हा शरीराला मिळालेले कर्क्युमिन 2000 टक्क्यांनी वाढले. जाहिरातदारांना हा आकडा फार प्रिय. पण मुळात रक्तात जवळजवळ काहीच पोचत नव्हते. त्याच्या सुमारे वीसपट म्हणजे किती, हे डबीवर कोणी छापत नाही. शिवाय हळदीत कर्क्युमिन साधारण 3 टक्के धरले, तर 2 ग्रॅमसाठी 65 ग्रॅमच्या आसपास हळद खावी लागेल. एवढी हळद आमच्या घरी महिनाभर पुरते.

आणि यकृताच्या अशा वाटा अडवल्या की फक्त हळदच अडकते असे नाही. पायपरीनमुळे फिटांवरच्या फेनिटॉइनचे आणि रक्तदाबाच्या प्रोप्रॅनोलॉलचे प्रमाणही रक्तात वाढते. अमेरिकेत हळदीच्या गोळ्या घेणाऱ्या काहींच्या यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. त्यातल्या काही गोळ्यांत मिरेही होते. गुडघेदुखीवरच्या लहान चाचण्यांत थोडा आराम दिसला आहे, हेही खरे.

मामी रक्त पातळ करणारी गोळी घेते. कर्क्युमिनही त्याच दिशेने थोडे ओढू शकते, म्हणून डबी आधी डॉक्टरांना दाखव म्हटले.

"आणि आमटीतली?" तिने फोडणीच्या तेलात हळद टाकत विचारले.

"आमटीतली चालेल."

"मग मिरं कशाला पाहिजे, मी लसूण घालते," म्हणत तिने कढईवर झाकण ठेवले.