अम्रास्का

अम्रास्का ही तुडतुड्यांची प्रजाती, म्हणजे जवळच्या जातींचा गट (जीनस). गण हेमिप्टेरा, कुल सिकाडेलिडी, उपकुल टिफ्लोसायबिने. नागपूर जिल्ह्यात कपाशीच्या पानामागे दिसणारा हिरवा तुडतुडा, म्हणजे अम्रास्का बिगुट्टुला, हा तिचा सर्वांत परिचित सदस्य. सावनेर-हिंगण्याकडच्या कृषी केंद्रात त्याला ‘जॅसिड’ म्हणतात. या कुलाला पूर्वी जॅसिडी म्हणत. ते नाव मागे पडले, तरी दुकानातला शब्द टिकून आहे.

मराठीतला ‘तुडतुडा’ मात्र फार ऐसपैस शब्द आहे. आंब्याच्या मोहोरावरचा तुडतुडा, भातावरचा हिरवा तुडतुडा आणि भातावरचाच तपकिरी तुडतुडा, सगळे त्यात बसतात. यातला तपकिरी तर या कुलातलाही नाही. भिंगाखाली मागची तंगडी पाहिली की उलगडा होतो: सिकाडेलिडीच्या मागच्या नडगीवर काट्यांच्या लांब रांगा असतात, तपकिरी तुडतुड्याच्या नडगीच्या टोकाला हलणारी एक आर असते.

नामकरणाचा इतिहास वळणावळणाचा आहे. कपाशीवरच्या बिगुट्टुला या जातीचे वर्णन कीटकशास्त्रज्ञ इशिडा यांनी 1913 मध्ये क्लोरिटा बिगुट्टुला या नावाने केले. डिस्टंट यांनी 1918 मध्ये भारतातल्या नमुन्यांना एम्पोआस्का डेव्हास्टान्स असे दुसरे नाव दिले. पुढे दोन्ही कीटक एकच ठरले आणि जुन्या नावाला मान मिळाला. अम्रास्का ही प्रजाती घौरी यांनी 1967 मध्ये स्थापन केली तीही कपाशीवरून नव्हे, तर आंब्यावरच्या अम्रास्का स्प्लेंडेन्स या जातीवरून. कपाशीची जात मध्यंतरी सुंडाप्टेरिक्स या दुसऱ्या प्रजातीतही राहून आली. शास्त्रीय नावापुढे इशिडा यांचे नाव कंसात येते ते यामुळेच: मूळ वर्णन त्यांचे, पण प्रजाती बदलली आहे. जुन्या पुस्तकांत अजूनही डेव्हास्टान्स भेटते, तेव्हा वाचणाऱ्याने दोन किडी समजू नयेत.

प्रौढ कीटक साधारण 3 मिलिमीटर लांब, पाचरीच्या आकाराचा, पोपटी. पंख पाठीवर कौलारू छपरासारखे उतरते मिटलेले. शृंगिका, म्हणजे डोक्यावरच्या मिशा, केसासारख्या बारीक. डोक्याच्या माथ्यावर दोन काळे ठिपके आणि दोन्ही पुढच्या पंखांच्या टोकांकडे एकेक. बिगुट्टुला म्हणजेच ‘दोन थेंबांची’. पण ठिपक्यांवर फार विसंबू नये. ते कधी फिके असतात, कधी दिसतच नाहीत.

शिवाय एम्पोआस्का या जवळच्या प्रजातीतले कीटकही असेच हिरवे आणि एवढेच. म्हणून खात्रीची ओळख नराच्या जननांगावरूनच करतात. पोटाचे टोक वेगळे काढून पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात ठेवतात, स्नायू विरघळले की ग्लिसरिनच्या थेंबात ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. मादी एकटीच हाती लागली तर जात सांगणे अवघड जाते.

पिल्लांना पंख नसतात. पान उलटले की ती खेकड्यासारखी तिरपी पळत शिरेच्या पलीकडे दडतात. शेतकरी तुडतुडा ओळखतो तो बहुधा या चालीवरूनच. मादी अंडी पानाच्या शिरांत खुपसते, त्यामुळे ती वरून दिसत नाहीत. पिल्लाच्या पाच अवस्था होतात. पिल्ले आणि प्रौढ दोघेही सोंड खुपसून रस शोषतात आणि लाळ आत सोडतात. पानाच्या कडा आधी पिवळ्या, मग लाल होतात, पान खाली वळते आणि शेवटी करपते. हे लाल पान म्हणजे प्रत्येक वेळी ‘लाल्या’ (अन्नद्रव्यांच्या कमतरतेने पाने लाल पडण्याची विकृती) नव्हे. मॅग्नेशियमच्या कमतरतेनेही पान लाल होते, पण तेव्हा कड वळलेली नसते आणि पानामागे पिल्लेही सापडत नाहीत.

भेंडी आणि वांगे हीही या जातीची आवडती पिके. लवदार पानांच्या कपाशीवर तिचे कमी फावते, कारण दाट केसांमुळे अंडी घालणे आणि रस शोषणे दोन्ही कठीण होते. गंमत अशी की अशाच लवदार पानांवर पांढरी माशी जास्त रमते, त्यामुळे वाण निवडताना एकीकडचे कमावले तर दुसरीकडचे जाते. बीटी कपाशीतले विष बोंडअळ्यांसाठी आहे; रसशोषक तुडतुड्यावर त्याचा परिणाम होत नाही. नागपुरात 1976 मध्ये स्थापन झालेल्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेच्या कामात म्हणूनच रसशोषक किडींना आजही जागा आहे.

ही मूळची आशियातली जात 2023 मध्ये प्वेर्तो रिकोतही आढळली.