हायलँडर अटलांटिकपार का गेले?

स्कॉटलंडमधून, विशेषतः उत्तरेकडच्या डोंगराळ हायलँड्समधून, अमेरिका-कॅनडाकडे झालेल्या स्थलांतराची गोष्ट बहुतेक वेळा एकाच चित्रात बसवली जाते: जमीनदारानं घरं पेटवली, शेतांवर मेंढ्या आल्या, माणसं जहाजात चढली. असं घडलं, यात वाद नाही. पण ते नंतर घडलं. त्याआधी जवळपास पन्नास वर्षं उलटाच प्रकार होता. लोक जायला निघाले होते आणि जमीनदार त्यांना अडवत होते.

अटलांटिकपलीकडे पाय रोवण्याचे सुरुवातीचे प्रयत्न फसलेच. 1621 मध्ये राजा जेम्सनं सर विल्यम अलेक्झांडरला तिकडच्या प्रदेशाची सनद दिली. 1632 मध्ये तो प्रदेश फ्रान्सकडे गेला. मागे उरलं फक्त नाव, नोव्हा स्कोशिया, म्हणजे नवं स्कॉटलंड. 1698 मध्ये पनामाच्या डॅरियनमध्ये वसाहत वसवायला जहाजं निघाली. तापानं, उपासमारीनं आणि स्पॅनिश विरोधानं दोन वर्षांत सगळं संपलं, आणि देशाच्या भांडवलाचा मोठा हिस्सा बुडाला. 1707 मध्ये इंग्लंडशी एकीकरण झालं, त्यामागे हा खड्डाही होता. त्या एकीकरणानं इंग्रजी वसाहतींचा व्यापार स्कॉटिश लोकांना खुला झाला आणि ग्लासगो तंबाखूवर गबर झालं. शहरातले व्हर्जिनिया स्ट्रीट, जमेका स्ट्रीट हे रस्ते त्याच पैशाची आठवण आहेत. तो पैसा गुलामांच्या श्रमावर उभा होता. कवी रॉबर्ट बर्न्ससुद्धा 1786 मध्ये जमेकाच्या मळ्यावर नोकरीला निघाला होता. कवितांचं पुस्तक खपलं म्हणून राहिला.

हायलँड्सचं प्रकरण वेगळं. 1746 मध्ये कलोडनच्या लढाईत जॅकोबाइट बंड, म्हणजे गादीवरून हटवलेल्या स्टुअर्ट राजघराण्यासाठीचा उठाव, चिरडलं गेलं. टोळीप्रमुखांची लष्करी सत्ता गेली, आणि तलवार धरणाऱ्या माणसांपेक्षा खंड भरणारी माणसं त्यांना महत्त्वाची वाटू लागली. प्रमुख आणि कुळं यांच्यामध्ये कोकणातल्या खोतासारखा एक मधला पट्टेदार असे. खंड वाढले तसे हे पट्टेदारच आधी उठले आणि आपल्या माणसांना घेऊन निघाले. थोडीफार ऐपत असलेले लोक होते हे. साफ कंगाल झालेल्याला जहाजाचं भाडं परवडतच नव्हतं.

1773 मध्ये 'हेक्टर' जहाज लॉख ब्रूमहून सुमारे 190 माणसं घेऊन निघालं. वाटेत देवी आणि हगवणीनं 18 जण दगावले. सप्टेंबरात नोव्हा स्कोशियातल्या पिक्टोला उतरल्यावर कळलं, की कबूल केलेली शेतजमीन म्हणजे घनदाट जंगल आहे. झाडं तोडायची सवय कुणालाच नव्हती आणि हिवाळा तोंडावर. त्यात ही भूमी रिकामीही नव्हती, तिथल्या मूळच्या मिकमाक लोकांची होती. गाव सोडावं लागलेल्यांनी दुसऱ्यांच्या गावात घर केलं, हा भाग स्कॉटिश वंशाच्या सोहळ्यांत फारसा बोलला जात नाही.

मग आलं केल्प. समुद्री शेवाळ जाळून मिळणारी क्षारयुक्त राख काच आणि साबणासाठी लागे. नेपोलियनशी युद्धं सुरू झाल्यावर स्पेनहून येणारा तसाच माल थांबला, केल्पचे भाव चढले. बर्फगार पाण्यात उभं राहून शेवाळ कापणारे हात जमीनदारांना हवे होते. 1803 चा प्रवासी जहाजांचा कायदा वरवर माणुसकीचा होता: गर्दी कमी, शिधा जास्त. परिणाम असा की भाडं दुपटीहून वर गेलं. त्यासाठी जोर लावणाऱ्यांत जमीनदार होते, ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे. (त्याच वर्षी सप्टेंबरात असईच्या लढाईत शिंदे-भोसल्यांसमोर 74 आणि 78 क्रमांकाच्या हायलँडर पलटणी उभ्या होत्या. माणसं साम्राज्याला लागत होती, फक्त स्वतःच्या मर्जीनं जाणारी नको होती.)

युद्ध संपलं, केल्पचे भाव कोसळले आणि तीच माणसं ओझं झाली. 1827 मध्ये जहाजांवरचे निर्बंध उठले. 1846 पासून बटाटा कुजला. 1851 मध्ये गॉर्डन ऑफ क्लूनी या मालकानं बॅरा आणि साउथ उइस्ट बेटांवरून दीड हजारांहून अधिक लोकांना, काहींना अक्षरशः पकडून, क्वेबेकला धाडलं. सुरुवातीला सांगितलेलं प्रसिद्ध चित्र आहे ते हे.

विसाव्या शतकातही ओघ थांबला नाही. एप्रिल 1923 मध्ये 'मेटागामा' ही बोट स्कॉटलंडच्या लुइस बेटावरून सुमारे 300 तरुण-तरुणींना कॅनडाला घेऊन गेली. 1931 च्या जनगणनेत स्कॉटलंडची लोकसंख्या दहा वर्षांपूर्वीपेक्षा कमी भरली. लुइस बेटावरूनच 1930 मध्ये गेलेली मेरी ॲन मॅक्लाउड ही डोनाल्ड ट्रम्प यांची आई.

तिकडे गेलेल्या हायलँडरांची गेलिक भाषा इतकी पसरली, की 1890 मध्ये ती कॅनडात अधिकृत करावी असं विधेयक सिनेटमध्ये आलं. ते 42 विरुद्ध 7 मतांनी पडलं. नोव्हा स्कोशियाच्या केप ब्रेटन बेटावर मात्र भाषा, फिडल आणि पायांच्या ठेक्यावरचं स्टेप डान्स टिकून राहिलं. अलीकडच्या दशकांत केप ब्रेटनचे वादक आणि नर्तक स्कॉटलंडमधल्या स्काय बेटावरच्या गेलिक महाविद्यालयात शिकवायला येऊ लागले. हे नृत्य स्कॉटलंडमध्ये लुप्त झालेल्या जुन्या प्रकाराचं अवशेष आहे, की आयरिश शेजाऱ्यांच्या सहवासात केप ब्रेटनमध्येच घडलं, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. स्कॉटलंडमधले तरुण मात्र ते शिकताहेत.