थापाड्याचा चेहरा आणि ३२ कॅमेरे

‘एल. ए. न्वार’ हा व्हिडिओ गेम २०११ साली आला. १९४७चं लॉस एंजेलिस, खुनांमागून खून आणि आपण पोलीस डिटेक्टिव्ह. समोरचा संशयित खरं बोलतोय की थापा मारतोय, हे त्याच्या चेहऱ्यावरून ताडायचं. त्यासाठी खऱ्या नटांना खुर्चीत बसवून, भोवती ३२ कॅमेरे लावून त्यांचे चेहरे टिपले होते. कपाळावरची आठीही सुटली नाही. तरी यातले बरेच थापाडे कसे दिसतात? नजर चुकवतात, ओठ आवळतात, अस्वस्थ होऊन इकडेतिकडे बघतात. हा तर नाटकातला जुना संकेत, शेवटच्या रांगेलाही कळावा म्हणून ठळक केलेला!

प्रत्यक्षात नजर चुकवण्याचा आणि खोटं बोलण्याचा संबंध फारच कच्चा आहे. बाँड आणि डीपॉलो या संशोधकांनी २००६ साली आधीच्या असंख्य प्रयोगांची गोळाबेरीज केली, तेव्हा माणसं खरंखोटं ओळखण्यात सरासरी ५४ टक्के वेळा बरोबर ठरली. छापा-काटा केला तरी ५० टक्के मिळतात. म्हणजे हुबेहूब खऱ्यासारखे थापाडे दाखवले असते, तर गेम कुणाला खेळताच आला नसता. अतिअभिनयाबद्दल नटांना नावं ठेवणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

चेहऱ्याच्या स्नायूंचं गणित तसं जुनं. ड्युशेन या फ्रेंच डॉक्टराने एका म्हाताऱ्याच्या चेहऱ्याला विजेचे हलके झटके देऊन कुठला स्नायू काय ओढतो ते नोंदवलं, १८६२ साली पुस्तकही काढलं. १९७८मध्ये एकमन आणि फ्रीसन या मानसशास्त्रज्ञांनी चेहऱ्याच्या प्रत्येक हालचालीला क्रमांक दिले: गाल वर उचलणं ६, ओठांचे कोपरे वर खेचणं १२. दोन्ही एकदम झाले की दिलखुलास हसू. गेममधले चेहरे घडवणारे कलाकार आजही ही यादी हाताशी ठेवतात.

पण हसण्याच्या मज्जावाटा दोन आहेत. पक्षाघाताच्या काही रुग्णांना ‘हसा’ म्हटलं की तोंडाची एकच बाजू हलते. विनोद ऐकला की दोन्ही बाजू छान उमलतात. काहींचं नेमकं उलटं होतं. हुकमाची वाट वेगळी, भावनेची वेगळी.

भरताने नाट्यशास्त्रात आठ सात्त्विक भाव, म्हणजे मनातून आपसूक अंगावर उमटणारे भाव, वेगळे काढले: स्तंभ (थिजून जाणं), स्वेद, रोमांच, स्वरभेद, वेपथू (कंप), वैवर्ण्य, अश्रू, प्रलय (शुद्ध हरपणं). यातला घाम, काटा, उडालेला रंग हा सगळा स्वायत्त मज्जासंस्थेचा कारभार. तिला थेट हुकूम सोडता येत नाही, म्हणून भरत नटाकडे एकाग्र मन मागतो. नट आठवणीच्या, श्वासाच्या आडवाटेने तिथवर पोचतो.

गेमवाल्यांची आडवाट आणखी वेगळी. स्नायूंची हालचाल कॅमेरा देतो. चेहरा लाल होणं, पांढरा पडणं यासाठी त्वचेच्या रंगाचे निरनिराळे नकाशे करून हावभावांना जोडतात. आणि अश्रू? नट कॅमेऱ्यासमोर खरोखर रडला, तरी पडद्यावरचा थेंब बहुतेकदा संगणकावर वेगळा घडवून गालावर चढवावा लागतो.