पोटाचा एक्स-रे नीट आलाय का, हे बघायचं कसं?

पोट फुगलंय, उलट्या होतायत, दोन दिवस संडास नाही की वारा सरला नाही, असा पेशंट कॅज्युअल्टीत आला की बऱ्याचदा आधी पोटाचा एक्स-रेच होतो, कारण तो पटकन होतो, स्वस्त आहे, आणि सीटी काही सगळीकडे नसतं. त्या एका फिल्मवर पुढचं बरंच काही ठरतं, पण ती फिल्म नीट आलीय का हे रोजच्या घाईत कुणी मुद्दाम तपासतंच असं नाही.

नीट म्हणजे काय हे तसं ठरलेलं आहे. आडवं झोपवून काढलेल्या फिल्ममध्ये वरून छातीचा पडदा, खालून जांघेचा भाग आणि दोन्ही बाजूंनी पोटाच्या कडा यायला हव्यात. युरोपियन कमिशनने 1996 मध्ये एक्स-रेच्या दर्जाचे निकष छापले होते, त्यात मूत्रमार्गाच्या साध्या एक्स-रेसाठी किडनीच्या वरच्या टोकापासून मूत्राशयाच्या तळापर्यंतचा भाग दिसावा, किडनीची आणि मणक्यालगतच्या सोआस स्नायूची कड ओळखू यावी, असं स्पष्ट लिहिलंय.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो खालच्या कडेला. आतडं अडकण्याचं एक नेहमीचं कारण म्हणजे जांघेतला हर्निया. कधीकधी त्यात अडकलेल्या आतड्यातला गॅस फिल्मवर जांघेच्या रेषेखाली चक्क दिसतो, पण फिल्म तिथेच दोन बोटं वर कापली गेली असेल तर डॉक्टरांना फुगलेली आतडी दिसणार, ती का फुगली ते दिसणार नाही. यात टेक्निशियनचाच दोष असतो असंही नाही, कारण मोठ्यातली मोठी नेहमीची फिल्म 35 बाय 43 सेंटीमीटर, आणि उंच किंवा जाड माणसाचं पोट तेवढ्यात मावत नाही, अशा वेळी सरळ दोन फिल्म काढाव्या लागतात.

दुसरी गोष्ट श्वासाची. छातीच्या एक्स-रेला 'श्वास घ्या, धरून ठेवा' सांगतात, पोटाला उलट, श्वास सोडून थांबायचं, म्हणजे पडदा वर जातो आणि आतले अवयव दाबले जात नाहीत. ओरडत असलेल्या, कळा येत असलेल्या पेशंटला हे समजावून सांगायला अर्धा मिनिट जास्त लागतो आणि तो द्यायलाच हवा, कारण हललेल्या फिल्मवर बारीक मुतखडा पुसला जातो. कपड्यांचंही तसंच. करदोट्याला अडकवलेली किल्ली, ताईत, साडीची पिन, ड्रेसवरच्या टिकल्या हे सगळं फिल्मवर उमटतं, आणि एखादं बटण नेमकं किडनीवर आलं की खडा आहे की काय म्हणून धावपळ.

आता डिजिटलचा प्रकार. जुन्या फिल्मवर एक्स-रे जास्त पडले की फिल्म काळी व्हायची, चूक लगेच कळायची. डिजिटलमध्ये कॉम्प्युटर चित्र सारखं करून दाखवतो, उलट डोस, म्हणजे पेशंटवर पडणाऱ्या किरणांचं प्रमाण, जास्त असला की चित्र अजून स्वच्छ दिसतं, त्यामुळे डोस हळूहळू वाढत गेला तरी कुणाला खटकत नाही. हे पकडायला नवीन मशीनवर डेव्हिएशन इंडेक्स नावाचा आकडा येतो, 0 म्हणजे ठरवलेल्या लक्ष्याइतका, +3 म्हणजे साधारण दुप्पट, -3 म्हणजे निम्मा. तो स्क्रीनवर समोरच असतो हो, फक्त बघायची सवय लागायला हवी!

डोसची काळजी पोटाच्या बाबतीत जरा जास्तच करायची, कारण छातीच्या एक्स-रेला साधारण 0.02 मिलिसीव्हर्ट (किरणांचा डोस मोजायचं एकक) लागतात तर पोटाच्या एका फिल्मला 0.7 च्या आसपास, म्हणजे पस्तीसेक पट. आणि फिल्म रिपीट केली की तेवढंच परत. म्हणून बाई गरोदर तर नाही ना, हे आधी विचारायचं, आणि एक्स-रे खरंच हवा का हेही, कारण नुसतं 'पोट दुखतंय' एवढ्यावर काढलेल्या फिल्ममधून बऱ्याचदा काही हाती लागत नाही. फॉर्मवर शंका काय आहे ते लिहिलेलं असलं तर टेक्निशियनलाही कळतं की फिल्म कुठपर्यंत घ्यायची.

आपल्याकडे मुंबईच्या अणुऊर्जा नियामक मंडळाच्या नियमाने एक्स-रे मशीनची दर दोन वर्षांनी तपासणी करून घ्यावी लागते. ती मशीनची झाली. कापलेल्या फिल्म शोधायचं काम हॉस्पिटललाच करावं लागतं आणि त्याला फारसा खर्चही नाही. मागच्या महिन्याच्या पोटाच्या सगळ्या फिल्म काढायच्या, रेडिओलॉजिस्ट आणि सिनियर टेक्निशियनने मिळून एकेक बघायची, जांघ आली का, पडदा आला का, उजव्या-डाव्याचा मार्कर आहे का, हललीय का, इंडेक्स किती, आणि रिपीट झाली असेल तर कशामुळे. नावं ठेवायला नाही हां, कारण शोधायला. मग निकषांचा कागद एक्स-रे रूममध्ये लावायचा, सगळ्यांसोबत बसून चार कापलेल्या फिल्म बघायच्या, आणि काही महिन्यांनी त्याच निकषांवर परत मोजायचं, खास करून रात्रपाळीच्या आणि वॉर्डात पोर्टेबलवर काढलेल्या फिल्म वेगळ्या करून, कारण तिथे माणूस एकटा असतो आणि पेशंटला धड सरळही झोपवता येत नाही.