चाहतावर्ग आणि जागतिक नागरिकत्व

एखादा संघ, कलाकार, मालिका किंवा छंद यांच्या प्रेमापोटी एकत्र आलेले लोक स्वतःच्या गटाकडे, इतर गटांकडे आणि एकूण जगाकडे कसे पाहतात, याचा सामाजिक मानसशास्त्रातील अभ्यास. ‘जागतिक नागरिक’ ही येथे कायद्यातली संज्ञा नाही. पासपोर्ट किंवा मतदानाच्या हक्काशी तिचा संबंध नाही. देशाबाहेरच्या अनोळखी माणसांचे बरेवाईट आपल्याशीही निगडित आहे असे वाटणे आणि त्यापोटी काही करावेसे वाटणे, एवढाच तिचा अर्थ. परदेशी संघावर किंवा गायकावर जीव टाकणारा माणूस आपोआप उदार होतो, असे पुष्कळांना वाटते. संशोधनाचा कौल तसा नाही. प्रेम कशावर आहे यापेक्षा त्या गटात कशाला वाहवा मिळते आणि कशावरून टोकले जाते, यावर बरेच अवलंबून असते.

दोन वेगळ्या गोष्टी

स्टीफन रायसन आणि नायला ब्रान्सकोम्ब यांनी २०१० मध्ये एक भेद मांडला, तो या विषयात पायाभूत ठरला. आवडीच्या वस्तूशी असलेले नाते वेगळे आणि त्या वस्तूच्या इतर चाहत्यांशी असलेले नाते वेगळे. रात्री जागून एकट्याने लिव्हरपूल या इंग्लिश फुटबॉल संघाचा सामना पाहणारा, पण दुसऱ्या एकाही चाहत्याला न ओळखणारा माणूस पहिल्यात वरचा आणि दुसऱ्यात जवळपास शून्य असू शकतो. जगाविषयीच्या वृत्तीचा प्रश्न येतो तेव्हा दुसरे नाते अधिक महत्त्वाचे, कारण चालीरीती गटाकडून येतात. प्रश्नावलीत दोन्ही एकत्र मोजली, की निष्कर्ष धूसर होतात. खेळांपुरते मोजमाप त्याआधीच, १९९३ मध्ये, डॅनियल वान आणि ब्रान्सकोम्ब यांनी सिद्ध केले होते: सात प्रश्न, प्रत्येकाला एक ते आठ गुण. ते आजही वापरात आहे.

यामागचा सिद्धांत हेन्री ताजफेल आणि जॉन टर्नर यांचा, सामाजिक ओळखीचा: माणूस स्वतःला आपल्या गटांवरून ओळखतो आणि म्हणून आपला गट वरचढ ठरावा असे त्याला वाटते. ताजफेल यांनी १९७० च्या सुमारास ब्रिस्टलमधील शाळकरी मुलांना क्षुल्लक कारणांवरून दोन गटांत विभागले. कोणाला क्ले या चित्रकाराची चित्रे आवडली, कोणाला कँडिन्स्कीची, अशी ती कारणे होती. गटात दुसरे कोण आहे हेही मुलांना ठाऊक नव्हते. तरी पैसे वाटायला दिल्यावर मुलांनी आपल्या गटाला झुकते माप दिले. एवढ्या पोकळ गटाची ही गत, तर ज्या गटाचे रंग, गाणी आणि वर्षानुवर्षांचे हिशेब आहेत त्याची काय असेल? रॉबर्ट चाल्डिनी आणि सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये अमेरिकेतील सात विद्यापीठांत पाहिलेली गोष्ट इथेच बसते. विद्यापीठाचा फुटबॉल संघ जिंकला, की सोमवारी विद्यापीठाच्या नावाचे कपडे घालून येणारे विद्यार्थी वाढत. बोलतानाही विजय ‘आपला’ आणि पराभव ‘त्यांचा’ होई.

लँकेस्टरचे दोन प्रयोग

या विषयात वारंवार उद्धृत होणारा पुरावा मार्क लेव्हिन आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केला. इंग्लंडमधील लँकेस्टर विद्यापीठात मँचेस्टर युनायटेड या फुटबॉल संघाच्या समर्थकांना एकेकटे बोलावून आधी युनायटेडविषयीची प्रश्नावली भरून घेतली. मग पुढच्या भागासाठी दुसऱ्या इमारतीत जायला सांगितले. वाटेत एक तरुण धावत येई, घसरून पडे आणि घोटा धरून कण्हू लागे. तो संशोधकांचाच माणूस होता. त्याच्या अंगात कधी युनायटेडचा शर्ट असे, कधी कट्टर प्रतिस्पर्धी लिव्हरपूलचा, कधी साधा. कोण थांबतो, कोण विचारपूस करतो, कोण नुसता बघून पुढे जातो, याची नोंद लपलेले निरीक्षक करत. युनायटेडचा शर्ट असताना जवळपास सगळे मदतीला धावले. लिव्हरपूलच्या आणि साध्या शर्टाच्या वाट्याला सुमारे एकतृतीयांशच मदतनीस आले.

दुसऱ्या प्रयोगात बदल फक्त सुरुवातीला केला. युनायटेडविषयी न विचारता ‘फुटबॉलचा चाहता’ असण्याविषयी विचारले आणि चाहत्यांची चांगली बाजू समोर आणायची आहे असे सांगितले. आता लिव्हरपूलच्या शर्टालाही युनायटेडच्या जवळपास बरोबरीने मदत मिळाली. साध्या शर्टाच्या माणसाकडे मात्र याही खेपेला बहुतेकांनी पाठ फिरवली. या निकालाचा हा दुसरा अर्धा भाग सांगायचा बऱ्याचदा राहून जातो. मोठी ओळख जागवल्याने वर्तुळ मोठे होते, पण त्याला कुंपण उरतेच. ते फक्त पुढे सरकते. जागतिक नागरिकत्वाचा दावा असा, की हे कुंपण सर्व माणसांच्या पलीकडे नेता येते. तो सिद्ध करणे सोपे नाही.

ओळख कशातून येते

रायसन आणि इव्हा कात्झार्स्का-मिलर यांनी २०१३ मध्ये जागतिक नागरिक या ओळखीचे प्रतिमान (मॉडेल) मांडले. त्यात दोन गोष्टी आधी येतात: आसपासच्या लोकांना जागतिक नागरिक असणे चांगले वाटते ही जाणीव, आणि जगाविषयीचे भान, म्हणजे बाहेर काय चालले आहे ते कळणे व त्याचा आपल्याशी संबंध दिसणे. या दोन्हींतून ‘मी जागतिक नागरिक आहे’ ही ओळख बळावते. ओळखीतून पुढे सहा गोष्टी येतात: परगटांविषयी सहानुभूती, विविधतेची कदर, सामाजिक न्याय, पर्यावरणाची काळजी, इतरांना मदत आणि आपण काही करायला हवे ही भावना. मोजण्याची रीत साधी आहे. विधाने वाचून प्रत्येकाने एक ते सात यांपैकी आकडा निवडायचा.

या प्रतिमानातली ‘आसपासच्या लोकांची’ जागा चाहतावर्ग घेऊ शकतो. कोर्टनी प्लांट, शॅरन रॉबर्ट्स, रायसन आणि कॅथलीन गर्बासी हा संशोधकगट ‘फरी’ म्हणजे मानवी गुणांच्या प्राणिपात्रांचे चाहते, तसेच जपानी कार्टूनपट म्हणजे अ‍ॅनिमेचे चाहते यांचा वर्षानुवर्षे अभ्यास करत आला आहे. पिट्सबर्गला भरणारे अँथ्रोकॉन हे संमेलन त्यांचे नेहमीचे क्षेत्र. त्यांच्या २०१४ च्या निबंधाचा गाभा असा, की चाहतावर्गात अधिक गुंतलेले लोक स्वतःला अधिक प्रमाणात जागतिक नागरिक मानतात, आणि हा संबंध ‘आमच्या गटात अशी मूल्ये मानली जातात’ या समजुतीतून जातो. फरी हा पुष्कळ चेष्टा सोसलेला गट आहे. बाहेर हिणवले गेलेल्यांनी आत सर्वांना सामावून घेण्याची रीत पाळावी, हे समजण्यासारखे आहे. पण चेष्टा सोसलेला प्रत्येक गट तसाच वागतो असे मात्र नाही.

एकच खेळ, दोन चाली

रीत बदलली की वागणे कसे बदलते, ते फ्रान्समधील १९९८ च्या फुटबॉल विश्वचषकात दिसले. क्लिफर्ड स्टॉट आणि सहकाऱ्यांनी इंग्लंड आणि स्कॉटलंड या दोन्हींच्या समर्थकांसोबत राहून निरीक्षणे केली. दोन्हीकडे दारू तितकीच, गर्दीही तशीच. इंग्लंडच्या चाहत्यांचा मार्सेयमध्ये दंगा झाला. स्कॉटलंडच्या ‘टार्टन आर्मी’ने मात्र आपण इंग्रजांसारखे नाही हीच आपली ओळख मानली होती. त्यामुळे एखादा स्कॉटिश चाहता हमरीतुमरीवर आला, की सोबतचेच त्याला आवरत. चांगुलपणाची ही रीत शेजाऱ्याच्या वैरातून जन्मली, ही गंमत विसरू नये. याच चाहत्यांची एक धर्मादाय संस्था २००३ पासून स्कॉटलंडचा संघ जिथे खेळायला जातो तिथल्या मुलांसाठी काम करणाऱ्या संस्थांना देणग्या देते.

दोष इंग्रजांच्या स्वभावात होता म्हणावे, तर पोर्तुगालमध्ये झालेल्या युरो २००४ या युरोपीय फुटबॉल स्पर्धेचे निरीक्षण आड येते. तिथे शहरी पोलिसांनी संशोधकांच्या सल्ल्याने काम केले: साध्या गणवेशातले पोलीस दोघादोघांनी गर्दीत फिरत, बोलत, दंगलविरोधी तुकड्या नजरेआड, कारवाई करायची तर नेमक्या माणसावर. सामन्यांच्या शहरांत इंग्लंडच्या चाहत्यांनी मोठा गोंधळ घातला नाही आणि दंगेखोरांना त्यांनीच वेगळे पाडले. आल्गार्व्ह किनाऱ्यावरील आल्बुफेराचा बंदोबस्त दुसऱ्या दलाकडे होता, जुन्या पद्धतीचा. तिथे दंगल झाली. सरसकट लाठी चालली की शांत चाहताही दंगेखोरांच्या बाजूला ढकलला जातो, हे त्याचे स्पष्टीकरण.

भारतात याच्या जवळ जाणारी जोडी १९९९ च्या दोन क्रिकेट कसोटींची. ३१ जानेवारीला चेन्नईत पाकिस्तानने भारताला १२ धावांनी हरवले आणि चेपॉकच्या प्रेक्षकांनी उभे राहून पाहुण्यांना मानवंदना दिली. तीन आठवड्यांच्या आत कोलकात्यात सचिन तेंडुलकर शोएब अख्तरशी धडक होऊन धावबाद झाला. अन्याय झाल्याच्या भावनेने ईडन गार्डन्स पेटले आणि अखेर स्टेडियम रिकामे करून सामना संपवावा लागला. चेन्नईत ‘क्रिकेटचा दर्दी’ ही मोठी ओळख वर आली आणि कोलकात्यात ती अन्यायाच्या भावनेखाली दबली, असे म्हणता येते. अर्थात ही घटनेनंतरची उकल आहे, प्रयोग नव्हे. १९९१ मध्ये वानखेडेची खेळपट्टी उखडणारे शिवसैनिक होते, प्रेक्षक नव्हेत. अशा घटना चाहत्यांच्या नावे जमा करू नयेत.

वर्गणी आणि तिचे अडथळे

‘बीटीएस’ या कोरियन गटाचा ‘आर्मी’ नावाचा चाहतावर्ग हे आजचे सर्वांत बोलके उदाहरण. गटाने २०१७ मध्ये युनिसेफबरोबर मुलांवरील हिंसेविरुद्ध मोहीम सुरू केली आणि २०१८ मध्ये संयुक्त राष्ट्रांत भाषण केले. म्हणजे रीत वरून घालून दिली गेली. जून २०२० मध्ये गटाने ‘ब्लॅक लाइव्ह्ज मॅटर’ या कृष्णवर्णीयांच्या हक्कांच्या चळवळीला १० लाख डॉलर दिल्याचे कळताच चाहत्यांनी सुमारे एका दिवसात तेवढीच रक्कम उभी केली. हे अचानक घडले नाही. ‘वन इन अ‍ॅन आर्मी’ हा चाहत्यांचा गट २०१८ पासून महिन्या-महिन्याच्या मोहिमा चालवत होता: लहान संस्था निवडायची, माहिती अनेक भाषांत द्यायची आणि प्रत्येकाने परवडेल तेवढे थोडेसे द्यायचे. व्यवस्था तयार होती, म्हणून घाई साधली.

अशा मोहिमा बिघडतात त्या ठरावीक जागी. पैसा संयोजकाच्या वैयक्तिक खात्यात गोळा केला की शंका सुरू होतात. दुवा थेट संस्थेच्या देणगी-पानाचा हवा आणि शेवटी एकूण आकडा संस्थेनेच जाहीर करावा. पावतीचा स्क्रीनशॉट हा पुरावा धरू नये, तो सहज बदलता येतो. प्रतिस्पर्धी चाहतावर्गाशी रकमेची चुरस लागली, की देणगी ही धावफलक बनते आणि पुढच्या महिन्यात आटते. सगळी रीत एका कलाकाराच्या प्रतिमेवर टेकलेली असेल, तर त्याची बदनामी होताच लोक अंग काढून घेतात; चाल्डिनींच्या निरीक्षणाची ही उलटी बाजू.

भारतात कायद्याची अडचण वेगळी. २०१० च्या परकीय योगदान नियमन कायद्यानुसार परदेशी देणगी नोंदणीकृत किंवा पूर्वपरवानगी असलेल्या संस्थेलाच घेता येते, आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर ती स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतील ठरावीक खात्यातच यावी लागते. परदेशात राहणाऱ्या, पण भारतीय पासपोर्ट असलेल्या मराठी माणसाने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेले पैसे यात मोडत नाहीत. त्याच्याच घरातील ओसीआय कार्डधारकाचे, म्हणजे परदेशी नागरिकत्व असलेल्या भारतीय वंशाच्या माणसाचे, मोडतात. २०२१ मध्ये कोविडच्या दुसऱ्या लाटेत बीटीएसच्या भारतीय चाहत्यांनीही मदतनिधी उभारला होता.

चाहत्यांची सवय आणि त्यांचे मूल्य यांत विसंगतीही असते. अल्बमसोबत येणाऱ्या छायाचित्र-कार्डांच्या लोभाने एकाच अल्बमच्या अनेक प्रती विकत घेणे हा के-पॉपमधला, म्हणजे कोरियन पॉप संगीतातला, रिवाज आहे, आणि त्यातून प्लॅस्टिकचा ढीग साठतो. २०२१ मध्ये चाहत्यांनीच सुरू केलेल्या ‘के-पॉप फॉर प्लॅनेट’ने नको असलेले अल्बम गोळा करून कंपन्यांकडे परत पाठवले. विक्रीचे आकडे वाढवणे हेच निष्ठेचे लक्षण मानणाऱ्या गटात ही मागणी आतून येणे, हे रीत बदलत असल्याचे चांगले चिन्ह.

पुराव्याच्या मर्यादा

या विषयातले बरेचसे आकडे एकाच वेळी भरलेल्या प्रश्नावल्यांतून आले आहेत. त्यावरून चाहतावर्ग माणसाला उदार करतो, की मुळातच उदार असलेली माणसे अशा गटात येतात, हे सांगता येत नाही. त्यासाठी नव्या सदस्यांना वर्ष-दोन वर्षांच्या अंतराने पुन्हा विचारावे लागते. संमेलनात प्रश्नावली वाटली, की प्रवासखर्च परवडणारे आणि गटावर खूश असलेलेच सापडतात. रागावून सोडून गेलेले कधीच सापडत नाहीत. ‘तुम्ही मदत करता का’ या प्रश्नाला होकार देणे स्वस्त असते, म्हणून लँकेस्टरसारखे प्रत्यक्ष वागणुकीचे मोजमाप अधिक मोलाचे. मदत कोणाला मिळाली याचीही नोंद ठेवावी लागते: स्वतःच्या गटातल्या परदेशी चाहत्याला केलेली मदत आणि गटाशी काहीच संबंध नसलेल्या परक्याला केलेली मदत एका रकान्यात टाकली, तर लिव्हरपूलचा शर्ट आणि साधा शर्ट यांतला फरक पुसला जातो.