अपघातांची वही

१९५४ साली स्वीडनमधल्या एका मोटार कंपनीनं गिऱ्हाइकांना अजब वचन दिलं. आमची गाडी घ्या; पुढच्या पाच वर्षांत ती कुठे धडकून चेपली, तर दुरुस्तीचा मोठा खर्च आम्ही सोसू. यंत्रात खोट निघाली तर भरपाई देण्याची रीत तेव्हाही होती. पण चालकाच्या चुकीनं गाडी झाडावर आदळली तरी पैसे कंपनी भरणार, हे विमा कंपन्यांना मुळीच रुचलं नाही. प्रकरण न्यायालयात गेलं, तरी कंपनी मागे हटली नाही.

ही कंपनी म्हणजे व्होल्वो. गाड्या खपाव्यात म्हणूनच ही हमी दिलेली होती. पण तिच्यामुळे चेपलेल्या गाड्यांची खबर कंपनीकडे येऊ लागली: धडक कुठून बसली, आत कोण कुठे बसलं होतं, कुणाला काय लागलं. व्होल्वोबद्दल लिहिताना लोक पोलादाच्या जाडीबद्दल आणि दणकट दारांबद्दल लिहितात. मला मात्र त्या कंपनीची सर्वांत मोलाची वस्तू ही अपघातांची वही वाटते.

आपल्याकडे व्होल्वो म्हणजे बस. ‘दादरहून व्होल्वोनं आलो’ म्हटलं की थंडगार, न हादरणारी बस डोळ्यांसमोर येते. या कंपनीच्या मोटारी भारतात २००७ साली आल्या, तोवर हे नाव एक्सप्रेसवेवर बसनं कमावलेलं होतं. खरं तर बस बनवणारी आणि मोटारी बनवणारी व्होल्वो या आता दोन वेगळ्या कंपन्या आहेत. १९९९ मध्ये मोटारींचा धंदा अमेरिकेच्या फोर्डनं घेतला, २०१० मध्ये तो चीनच्या जीलीकडे गेला. मोटारींच्या व्होल्वोचं मुख्य ठाणं मात्र अजूनही गोथेनबर्ग या बंदराच्या शहरातच आहे.

तिथल्याच कारखान्यातून १४ एप्रिल १९२७ रोजी पहिली गाडी बाहेर पडली. आसार गाब्रिएल्सन हा हिशेबातला माणूस आणि गुस्टाफ लार्सन हा इंजिनिअर, दोघंही एसकेएफ या बॉल बेअरिंगच्या कंपनीतून आलेले. ‘व्होल्वो’ हे नावही एसकेएफनंच बेअरिंगसाठी नोंदवून ठेवलेलं. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ ‘मी फिरतो’. मागच्या आसाचे दाते उलटे बसल्यामुळे ती पहिली गाडी आधी मागेच धावली, असं सांगतात. या दोघांना स्वीडनच्या रस्त्यांना टिकेल अशी गाडी हवी होती. ते रस्ते म्हणजे खडी, बर्फ, लांबच लांब अंधार आणि मधूनच रस्त्यावर येणारा एल्क.

एल्क हे तिकडचं हरीण, पण घोड्याहून उंच आणि वजनानं चार-पाचशे किलोपर्यंत. पाय लांब असल्यामुळे गाडीची धडक त्याच्या पायांना बसते आणि सगळं धड बॉनेटवरून घसरत थेट पुढच्या काचेवर येतं. म्हणून तिथे काचेच्या बाजूचे खांब आणि छप्पर मजबूत करावं लागलं. यासाठी माग्नुस गेन्स या स्वीडिश संशोधकानं रबराच्या चकत्या ओवून एल्कची प्रतिकृती केली, तिच्यावर खऱ्या गाड्या आदळवल्या आणि २००१ मध्ये आपला प्रबंध सादर केला. आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला दिला जाणारा इग नोबेल त्याला २०२२ मध्ये मिळाला.

आता पट्ट्याकडे येऊ. १९५०च्या दशकात काही गाड्यांमध्ये फक्त पोटावरून जाणारा पट्टा असे. धडकेत त्यानं माणूस बाहेर फेकला जात नसे, पण तो कमरेत मोडल्यासारखा पुढे दुमडे. डोकं स्टिअरिंगवर आपटे आणि पोटावरच असलेलं बक्कल आतल्या अवयवांत रुते. व्होल्वोचे प्रमुख गुनार एंगेलाउ यांच्या नात्यातलं एक माणूस मोटार अपघातात गेलं होतं. १९५८ मध्ये त्यांनी निल्स बोलीन या इंजिनिअरला साब कंपनीतून बोलावून घेतलं. बोलीन तिथे लढाऊ विमानांच्या इजेक्शन सीटवर, म्हणजे संकटात वैमानिकाला खुर्चीसकट बाहेर उडवणाऱ्या यंत्रणेवर काम करत होता. माणसाच्या शरीराला किती झटका सोसतो, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

पण वैमानिक जिवासाठी चार पट्टे आवळून घेतो. भाजी आणायला निघालेला माणूस तसं करणार नाही. पट्टा एका हातानं, एका क्षणात लागला पाहिजे, नाहीतर तो लोंबकळतच राहणार. बोलीनला वर्षभरात उत्तर सापडलं. एक पट्टा मांड्यांच्या वर ओटीपोटाच्या हाडावरून, दुसरा खांद्यावरून छातीवर तिरका, आणि दोन्ही एकत्र येतात ते पोटावर नाही, तर कमरेशेजारी, खाली. दोन पट्ट्यांचा इंग्रजी व्ही होतो आणि त्याचं टोक जमिनीकडे असतं. माणूस जोरात पुढे गेला तरी हा व्ही जागेवरून सरकत नाही आणि सगळा जोर फासळ्या, गळपट्टीचं हाड आणि कंबरेची हाडं यांच्यावर जातो. तीन ठिकाणी अडकवलेले पट्टे याआधीही काहींनी सुचवले होते. बोलीनचं यश त्या खालच्या, बाजूच्या टोकात आहे. १३ ऑगस्ट १९५९ रोजी असे पट्टे बसवलेली पहिली गाडी स्वीडनमधल्या क्रिस्टियानस्टाड गावच्या एका विक्रेत्याकडे पोहोचली.

पट्टा नेमकं काय करतो, हे आकड्यांत पाहिलं की अंगावर काटा येतो. गाडी ताशी ५० किलोमीटर वेगानं भिंतीवर आदळली, तर तो धक्का सुमारे १० मीटरवरून, म्हणजे तीन मजली इमारतीच्या गच्चीवरून पडण्याइतका असतो. गाडीचा पुढचा भाग समजा ६० सेंटिमीटर चुरगळला. पट्टा बांधलेला माणूस गाडीला जोडलेला असतो, म्हणून तोही तेवढ्या अंतरात थांबतो. त्याच्यावरचा झटका गुरुत्वाकर्षणाच्या साधारण १६ पट येतो. ७० किलोच्या माणसाला हे ११०० किलोचं वजन अंगावर आल्यासारखं आहे. भयंकर आहे, पण मजबूत हाडांवर पसरलेलं असेल तर निरोगी शरीर ते सोसतं. पट्टा नसेल तर गाडी थांबते, माणूस थांबत नाही. तो ५०च्याच वेगानं पुढे जातो आणि डॅशबोर्डवर जेमतेम पाच सेंटिमीटरमध्ये थांबतो. आता झटका २०० पटींच्या घरात. वेग तोच, माणूस तोच, फरक फक्त थांबायला मिळालेल्या अंतराचा.

(पुढचा भाग मुद्दाम चुरगळू द्यायचा आणि आतली खोली घट्ट ठेवायची, ही कल्पना जर्मनीत मर्सिडीजच्या बेला बारेन्यी यांची. व्होल्वोच्या कौतुकात तिचं श्रेय हरवू नये.)

व्होल्वोनं या पट्ट्याचं पेटंट घेतलं, पण ते इतरांसाठी खुलं ठेवलं. आज जगातल्या जवळजवळ प्रत्येक मोटारीत बोलीनचीच रचना आहे. तरी लोक तो लावायला तयार नव्हते. पट्ट्यात अडकून जळून मरू, गाडी पाण्यात गेली तर सुटता येणार नाही, असल्या शंका तेव्हाही होत्या. इथे वही कामाला आली. १९६७ मध्ये बोलीननं अमेरिकेत स्वीडनमधल्या व्होल्वो गाड्यांच्या २८,०००हून अधिक अपघातांचा अभ्यास मांडला. पट्टा न लावलेली माणसं ताशी २० किलोमीटरच्या आसपासच्या वेगातही मेलेली होती. पट्टा लावलेल्यांपैकी ताशी ९६ किलोमीटरखालच्या अपघातांत एकही मृत्यू नव्हता.

या अभ्यासातली खुबी चटकन लक्षात येत नाही. ‘व्होल्वोनं माझा जीव वाचवला’ असं सांगणारे मालक जगभर आहेत. अमेरिकेत कंपनीनं अशा लोकांचं मंडळच काढलं होतं. त्यांच्या कहाण्या मनापासूनच्या असतात, पण विज्ञान म्हणून त्या अपुऱ्या आहेत. एक तर ज्यांचा जीव वाचला नाही ते सांगायला येत नाहीत. दुसरं म्हणजे सुरक्षिततेसाठी जास्त पैसे मोजणारा माणूस मुळातच जपून चालवत असेल, तर श्रेय गाडीचं की त्याचं? बोलीननं एकाच कंपनीच्या गाड्यांत पट्टा लावलेले आणि न लावलेले समोरासमोर ठेवले. त्यामुळे गाडीचा प्रश्न उरला नाही. पुढे अमेरिकेच्या सरकारी अभ्यासांनीही हेच सांगितलं: मोटारीच्या पुढच्या आसनावर हा पट्टा लावला तर मृत्यूचा धोका सुमारे ४५ टक्क्यांनी घटतो.

मालकांच्या अनुभवांची दुसरी तऱ्हा म्हणजे टिकाऊपणा. न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर आर्व्ह गॉर्डन नावाचे विज्ञानाचे शिक्षक होते. १९६६ मध्ये त्यांनी घेतलेली व्होल्वोची लाल ‘पी १८०० एस’ गाडी २०१३ मध्ये ३० लाख मैलांवर पोहोचली. किलोमीटरमध्ये ४८ लाख, म्हणजे चंद्रावर सहा वेळा जाऊन येण्याइतकं. वेळच्या वेळी तेल बदलायचं आणि पुस्तिकेत लिहिलंय तसं करायचं, एवढंच त्यांचं सूत्र होतं. २०१८ मध्ये ते गेले. हा सगळा प्रवास एकाच मालकाच्या हाताखाली झाला, याचं मला फार अप्रूप वाटतं.

वहीचं काम १९७० पासून आणखी शिस्तीनं सुरू झालं. कंपनीनं अपघातांचा शोध घेणारं पथकच नेमलं. गोथेनबर्गच्या आसपास व्होल्वोला मोठा अपघात झाला की, दिवस असो वा रात्र, ही माणसं तिथे जातात. टायरच्या खुणा, चेपलेल्या पत्र्याची खोली, पट्ट्यावरचे ओरखडे, डॉक्टरांकडून दुखापतींची माहिती, सगळं मोजून ठेवतात. आजवर ४०,०००हून अधिक गाड्या आणि ७०,०००हून अधिक माणसं त्यात नोंदली गेली आहेत.

त्या नोंदींत मान आखडण्याच्या दुखापती वारंवार दिसल्या. मागून हलकी ठोकर बसली तरी धड खुर्चीसोबत पुढे जातं, डोकं मागे राहतं आणि मान चाबकासारखी झटकली जाते. म्हणून १९९८ मध्ये अशी खुर्ची आली, जिची पाठ ठोकर बसताच माणसाला घेऊन जरा मागे झुकते. ही दुखापत स्त्रियांना पुरुषांपेक्षा अधिक होते, हेही नोंदींनी दाखवलं. चाचण्यांमधले पुतळे मात्र अनेक दशकं सरासरी पुरुषाच्या मापाचे होते. २०१९ मध्ये कंपनीनं याबाबतचं आपलं संशोधन सगळ्यांना खुलं केलं, आणि २०२२ मध्ये आस्ट्रिड लिंडर या स्वीडिश संशोधिकेच्या गटानं अशा मागच्या धडकेसाठी सरासरी स्त्रीच्या मापाचा पुतळा पुढे आणला.

मुलांची गोष्ट मात्र कुणा मोटार कंपनीपासून सुरू होत नाही. गोथेनबर्गच्या चाल्मर्स विद्यापीठातले बर्टिल आल्डमान यांनी अमेरिकेच्या जेमिनी या अंतराळयानातली आसनं पाहिली; त्यांत अंतराळवीरानं पाठीवर रेलून उड्डाणाचा झटका सोसायचा होता. त्यावरून त्यांनी १९६४ मध्ये मागे तोंड असलेल्या बाळाच्या खुर्चीचा नमुना केला. नऊ महिन्यांच्या बाळाचं डोकं त्याच्या वजनाच्या सुमारे एक चतुर्थांश असतं. मोठ्या माणसाचं जेमतेम सहा टक्के. शिवाय बाळाच्या मानेचे मणके अजून पुरते कठीण झालेले नसतात. तोंड पुढे असेल तर धडकेत ते जड डोकं कोवळ्या मानेला खेचतं. तोंड मागे असेल तर पाठ, मान आणि डोकं एकदमच खुर्चीत दाबलं जातं.

आणि आपल्याकडे बाळ मांडीवर असतं. मघाचाच हिशेब लावा: ५०च्या वेगाची धडक, १६ पट झटका. दहा किलोचं बाळ त्या क्षणी १६० किलोचं होतं. आई कितीही घट्ट धरून असली, तरी एवढं वजन जगातली कुठलीच आई हातात पेलू शकत नाही. हे वाक्य लिहिताना माझा हात थांबतो, कारण असं बाळ मांडीवर घेऊन मीही घाट उतरलो आहे.

४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर झालेल्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री गेले. मागच्या आसनावर ते आणि आणखी एक जण होते. दोघांनीही पट्टा लावला नव्हता, असं पोलिसांनी सांगितलं. पुढचे दोघे गंभीर जखमी झाले, पण वाचले. मागच्या आसनावरही पट्टा लावणं आपल्या नियमांत त्याआधीपासून आहे आणि २०१९ पासून न लावल्यास १,००० रुपये दंड आहे. तरी मागे बसलं की पट्टा नको, हा समज हलत नाही. खरं तर मागचा मोकळा माणूस धडकेत पुढच्या खुर्चीवर आदळतो आणि पट्टा लावून बसलेल्या पुढच्या माणसालाही चिरडू शकतो.

गेल्या दिवाळीत आत्तेभावाच्या गाडीतून साताऱ्याला निघालो. गाडी सहा वर्षं जुनी. मागे बसून पट्टा ओढला, तर बक्कल अडकवायला जागाच सापडेना. खाचा सीट कव्हरच्या खाली गेल्या होत्या. पेट्रोल पंपावर थांबलो, कव्हरची शिवण उसवली, आत हात घातला. तिन्ही खाचा होत्या तशाच होत्या. वहिनीनं मधला पट्टा लेकीला लावला आणि आम्ही निघालो.