गुणाकार की भागाकार? रक्तदाब आणि नाडी एकत्र वाचण्याची पार्श्वभूमी

बीपीच्या डिजिटल यंत्रावर तीन आकडे उमटतात. वरचा आणि खालचा आपण वहीत लिहून ठेवतो. तिसऱ्या, म्हणजे नाडीच्या आकड्याकडे सहसा कुणी बघत नाही. ही सवय आजची नाही.

नाडी मोजायला बोटं आणि घड्याळ पुरतं. इंग्लंडमध्ये जॉन फ्लॉयर यांनी १७०७ मध्ये खास त्यासाठी एक मिनिट चालणारं घड्याळ वापरात आणलं. दाब मात्र शरीरात शिरल्याशिवाय हाती लागत नव्हता. स्टीफन हेल्स या धर्मोपदेशकाने घोडीला आडवी बांधून तिच्या पायाच्या धमनीत पितळी नळी खुपसली आणि तिला उंच काचेची नळी जोडली. रक्त ८ फूट ३ इंच चढलं. १७३३ मध्ये त्याने हे प्रसिद्ध केलं. माणसावर अर्थातच हे जमणारं नव्हतं. त्यासाठी १८९६ उजाडावं लागलं. इटलीत रिव्हा-रोची यांनी दंडाला हवेचा पट्टा बांधला, पारा चढवला आणि मनगटावरची नाडी कधी नाहीशी होते ते बोटांनी पाहिलं. म्हणजे वरचा आकडा सापडला तोही नाडीच्याच मदतीने! १९०५ मध्ये रशियातल्या कोरोटकॉफ यांनी स्टेथोस्कोप लावून खालचा आकडाही मिळवला, आणि बोटांचं काम संपलं. नाडी मागे पडली ती बहुधा इथेच.

खरं तर शरीरात या दोन्ही गोष्टी एकमेकींवर नजर ठेवून असतात. दाब वाढला की ठोके मंदावतात, घसरला की वाढतात, हे फ्रान्समधल्या मारे यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला ओळखलं होतं. १९२० च्या दशकात हेरिंग यांनी त्यामागची यंत्रणा दाखवली: मानेतली धमनी जिथे दुभंगते, तिथे भिंतीचा ताण ओळखणारी मज्जातंतूंची टोकं असतात. पण जिना चढताना हा तराजूच वरच्या पातळीला सरकतो. तेव्हा ठोके आणि वरचा दाब दोन्ही सोबतच वाढतात. त्यामुळे दोन आकडे एकत्र कसे वाचायचे, याचं एकच उत्तर असणं शक्य नव्हतं.

१९६७ या एकाच वर्षी दोन उत्तरं पुढे आली. रॉबिन्सन यांनी अंजायनाच्या (हृदयाला रक्त कमी पडल्याने छातीत दुखण्याच्या) रुग्णांमध्ये दाखवलं की ठोके गुणिले वरचा दाब हा आकडा ठरावीक उंबरठ्यापाशी आला की छातीत दुखू लागतं. एकाच रुग्णात हा उंबरठा बराच स्थिर असतो. हृदयाला किती ऑक्सिजन लागतोय, याचं हे सोपं मोजमाप. दुसरीकडे अल्गोवर आणि बुरी या शल्यचिकित्सकांनी उलट भागाकार केला: ठोके भागिले वरचा दाब, म्हणजे शॉक इंडेक्स (शॉक म्हणजे रक्ताभिसरण कोसळणं). धडधाकट माणसात तो साधारण ०.५ ते ०.७ असतो, १ च्या पुढे गेला की धोका.

दोन्ही करून बघा. स्वस्थ बसलेला माणूस: नाडी ७०, दाब १४०. गुणाकार ९,८००, भागाकार ०.५. रक्तस्राव होणारा माणूस: नाडी १००, दाब १००. गुणाकार १०,०००, म्हणजे जवळपास तोच. भागाकार मात्र थेट १. हृदयावरचा बोजा विचारायचा असेल तर गुणाकार, रक्ताभिसरण कोसळतंय का हे विचारायचं असेल तर भागाकार.

पुढच्या दहा वर्षांत हृदयविकार होण्याचा धोका काढणाऱ्या तक्त्यांनी हा गुणाकारही घेतला नाही आणि भागाकारही. १९४८ मध्ये ५,२०९ जणांना घेऊन सुरू झालेल्या अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅम हृदयरोग अभ्यासातून आलेल्या तक्त्यांत वय, कोलेस्टेरॉल, धूम्रपान, रक्तदाब आहे, नाडी नाही. त्याच अभ्यासाने जलद नाडी आणि मृत्यू यांचा संबंध नंतर दाखवला, तरीही. माझ्या मते नाडीचा चंचलपणा आड आला. चहा, ताप, भीती, कशानेही ती पळते.

हार्ट अटॅक आलेल्या रुग्णाच्या खाटेशी मात्र भागाकार परतला. २००१ च्या टिमी रिस्क इंडेक्समध्ये, म्हणजे अशा रुग्णाच्या जिवाचा धोका मोजणाऱ्या सूत्रात, वयाला १० ने भागून वर्ग करायचा, नाडीने गुणायचं आणि वरच्या दाबाने भागायचं. साठ वर्षांच्या रुग्णाची नाडी ७० आणि दाब १४० असेल तर १८ येतात. नाडी १०० आणि दाब १०० असेल तर ३६. दहा वर्षांच्या तक्त्यात १४० चा दाब गुण वाढवतो, इथे तोच छेदात बसून धोका कमी दाखवतो.

बीटा ब्लॉकर, म्हणजे नाडी मंद ठेवणाऱ्या गोळ्या, घेणाऱ्यांच्या बाबतीत हे गणित फसू शकतं. दाब १०० वर आला तरी गोळीमुळे नाडी ७० वरच राहते आणि भागाकार येतो ०.७, म्हणजे धडधाकट माणसाइतकाच.